पेडल मऊ, काळजात धस्स!

नवे पॅड, नवं ब्रेक ऑइल, शिवाय गाडी धुऊन मिळाली. मग ब्रेकचं पेडल उशीसारखं का लागतंय? ‘चालवा दोन दिवस, सेट होईल’ यावर मान डोलावण्याआधी हे जरूर वाचा.

‘‘मॅडम, नवीन पॅड आहेत ना, म्हणून तसं वाटतं. दोन दिवस चालवा, आपोआप सेट होईल.’’

गॅरेजवाल्याने हे इतक्या सहज सांगितलं की मी लगेच मान डोलावली. मोबाइल काढला, बिल भरलं आणि गाडीत बसले. मंगळवारची संध्याकाळ होती. २०२४ चे गणपती शनिवारी, ७ सप्टेंबरला बसणार होते. आम्हाला गुरुवारी पहाटे निघायचं होतं. आई, बाबा आणि मी. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि तिथून श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं गाव. मागच्या सीटवर मखराचं सामान आणि स्टेअरिंगवर मी. पहिल्यांदाच!

गाडी सेकंडहँड. २०१५ चं मॉडेल, छोटी हॅचबॅक. ब्रेक दाबला की पुढून किर्रर्र आवाज यायचा, म्हणून घाटात जाण्याआधी शहाण्यासारखं काम करून घेतलं. पुढचे डिस्क पॅड बदलले, दोन्ही कॅलिपर काढून त्यांची रबरं बदलली आणि ब्रेक ऑइल नवीन भरलं. बिलावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं.

कर्वे रोडच्या पहिल्याच सिग्नलला पाय ब्रेकवर टाकला आणि काळजात धस्स झालं. पेडल खाली गेलं, अजून खाली गेलं, आणि मग कुठे गाडी थांबली. थांबली हे खरं. पण पायाखाली लोखंड असल्यासारखं वाटायला हवं, तिथे लादीपाव दाबल्यासारखं वाटत होतं.

यू-टर्न मारून परत गॅरेजमध्ये. तिथला पोरगा ड्रायव्हिंग सीटवर बसला. इंजिन बंदच होतं. त्याने चार-पाच वेळा पेडल मारलं आणि म्हणाला, ‘‘बघा मॅडम, दगडासारखं आहे.’’ मीही दाबून पाहिलं. खरंच दगडासारखं होतं! मग मलाच वाटायला लागलं की आपल्याला काही कळत नाही. खरं सांगायचं तर वाद घातला नाही तो एवढ्याचसाठी. ‘यांना गाडीतलं काय कळतं’ असा चेहरा समोरच्याने करू नये म्हणून आपण कितीदा गप्प बसतो, नाही?

तळमजल्यावरचे काका

घरी आल्यावर बाबांना सोसायटीतच एक चक्कर मारून दाखवली. बाबांची एक सवय आहे. शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. तिथे पेडल नसतं, तरी दाबतो. त्या दिवशी तर त्यांनी तो जमिनीत रुतवलाच. गाडी थांबल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘काकांना दाखवू या.’’

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पान्यांची पेटी अजून पलंगाखाली असते. ते चप्पल अडकवून बाहेर आले, इंजिन चालू ठेवायला सांगून सीटवर बसले, एकदाच पेडल दाबलं आणि चावी फिरवून खिशात टाकली.

‘‘ही गाडी आता गेटच्या बाहेर जाणार नाही.’’

‘‘अहो काका, पण गॅरेजवाला म्हणाला की सेट होईल...’’

‘‘अगं, सेट काय होणार? आत हवा आहे. ती काय आपणहून बाहेर येणार आहे का? आमच्या एसटीला हवा लागते. कारला हवा चालत नाही.’’

आणि मला मेकॅनिकलचा पहिला धडा मिळाला. एसटीसारख्या मोठ्या बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो आणि ती हवाच काम करते. कारमध्ये उलटं आहे. तिथे काम करतं ते ऑइल. आणि त्या ऑइलमध्ये हवेचा एक बुडबुडा जरी शिरला, तरी तो तुमच्या पायाची मेहनत गिळून टाकतो.

सिरिंजचा फंडा

घरी करून बघण्यासारखा सोपा प्रयोग आहे. औषधाची बिनसुईची सिरिंज घ्या. पूर्ण पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. हलत नाही. आता थोडी हवा आत राहू द्या आणि पुन्हा दाबा. दांडा मऊपणे आत जातो, सोडला की परत येतो. तुमच्या गाडीचं स्पंजी पेडल म्हणजे नेमकं हेच!

बंद द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. ते गाडीला लावायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक तयार केले आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या कारमध्ये ते चारही चाकांना आले. आजच्या तुमच्या-आमच्या कारमध्येही मूळ तत्त्व तेच आहे. पायाने पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, ऑइल पाइपमधून चाकांपर्यंत जातं आणि पॅड डिस्कवर आवळले जातात.

थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे. छोट्या कारच्या मास्टर सिलिंडरचं भोक साधारण २० मिलिमीटर व्यासाचं धरा. दट्ट्या एक सेंटिमीटर पुढे सरकला की जेमतेम ३ मिलिलिटर ऑइल ढकललं जातं. आता आत ३ मिलिलिटर हवा अडकलीय असं समजा, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित जास्त. ब्रेक दाबल्यावर पाइपमधला दाब सहज वातावरणाच्या ३० पट होतो. एवढ्या दाबाखाली ती हवा आकसून जवळपास नाहीशी होते. म्हणजे दट्ट्याचा पहिला एक सेंटिमीटर फक्त हवा दाबण्यात गेला. आणि पेडलचा दांडा लिव्हरसारखा असतो. दट्ट्या एक सेंटिमीटर सरकायला तुमचा पाय चार-पाच सेंटिमीटर खाली जावा लागतो.

अर्धा चमचा हवा आणि पेडल दोन इंच खाली! हे ऐकल्यावर मंगळवारी रात्री मला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

पेडलची भाषा

बुधवारी सकाळी सातला काका पार्किंगमध्ये हजर. माझ्या हातात चहा, त्यांच्या हातात पेटी. ‘‘आधी काही खोलायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आधी पेडलला विचारायचं. ते सगळं सांगतं.’’

आणि खरंच सांगतं. उभ्या गाडीत, हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून कुणालाही करता येतील अशा या चाचण्या कापून ठेवा.

पहिली, बूस्टरची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. आता दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर छान, बूस्टर काम करतोय. हे बिघाडाचं लक्षण नाही. आणि हो, गॅरेजमधला तो ‘दगड’ आठवतोय? इंजिन बंद असताना बूस्टरची मदत संपते, त्यामुळे कुठल्याही गाडीचं पेडल कडकच लागतं. पेडल मऊ आहे की नाही, हे इंजिन चालू ठेवूनच बघायचं.

दुसरी, दाबून धरण्याची. इंजिन चालू ठेवून पेडलवर एकसारखा दाब द्या आणि अर्धा मिनिट धरा. पेडल एका जागी थांबलं तर ठीक. हळूहळू खाली बुडत गेलं, तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं आतलं रबर दाब धरत नाहीये. दोन्ही गोष्टी गंभीर.

तिसरी, पंप मारण्याची. पेडल भराभर दोन-तीन वेळा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते वर येत असेल तर दोन शक्यता असतात. वर आल्यावरही मऊ, लवचीक लागलं तर हवा. खाली गेलं तरी शेवटी टणक लागत असेल, तर मागच्या ड्रमचे लायनर नीट अॅडजस्ट केलेले नसण्याची शक्यता जास्त.

चौथी, डोळ्यांची. बॉनेट उघडून ऑइलच्या टाकीची पातळी बघा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, बघा. कॅलिपरला पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. जुनेच पुन्हा वापरले तर तिथून थेंब येऊ शकतो.

आमच्या पेडलचं उत्तर असं होतं. बूस्टर ठीक, बुडत नाही, पंप मारला की थोडं वर येतं, पण वर येऊनही मऊच. गळती कुठेच नाही. ‘‘हवा,’’ काका म्हणाले.

दाब... धर... सोड!

हवा काढणं म्हणजे ब्रेक ब्लीड करणं. हे काम दोघांचं. एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी. पेडलवर मी.

काकांनी गाडीला खाली पक्के स्टँड लावले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. चाकापाशी एक छोटं निपल असतं. त्याला पारदर्शक नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं.

‘‘दाब.’’

‘‘दाबलं.’’

‘‘धर.’’ निपल उघडलं. नळीतून ऑइल आलं, पेडल खाली गेलं. निपल बंद केलं. ‘‘आता सोड.’’

क्रम चुकवायचा नाही. निपल बंद व्हायच्या आधी पाय उचललात तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. माझा पाय एकदा लवकर उचलला गेला, तेव्हा काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग परत पहिल्यापासून!

सुरुवात सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करतात. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं. पण काही गाड्यांमध्ये पाइपांची जोडणी तिरकी असते, तिथे क्रम वेगळा असू शकतो. म्हणून गाडीचं मॅन्युअल बघून घ्यायचं. टाकीतलं ऑइल मधेमधे भरत राहायचं. टाकी रिकामी झाली की वरून हवा शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. ऑइल कुठलं? टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. बाटली सीलबंद हवी. कपाटात अर्धी उघडी राहिलेली बाटली चालणार नाही, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. आणि चुकून इंजिन ऑइल पडलं तर आतली सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंगही उडतो.

काकांनी पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता. का? जुन्या गाडीत पेडल कधीच पार तळापर्यंत जात नाही. तिथला सिलिंडरचा भाग गंजलेला, खरबरीत असू शकतो. ब्लीड करताना पेडल तळाला आपटलं तर आतलं रबर त्या भागावर घासून फाटतं. म्हणजे हवा काढायला गेलो आणि मास्टर सिलिंडर घालवून बसलो! असं खूपदा होतं म्हणे.

चारही चाकं झाली. मागून स्वच्छ ऑइल आलं. पुढून एक-दोन बुडबुडे आले, मग तिथूनही स्वच्छ. मी इंजिन सुरू करून पेडल दाबलं.

लादीपाव!

निपल खाली, हवा वर

साडेनऊ वाजले होते. आई गॅलरीतून विचारत होती, ‘‘बसचं तिकीट बघू का?’’ गणपतीच्या दोन दिवस आधी कोकणात जाणाऱ्या बसचं तिकीट! मी हताश झाले होते. काका मात्र जमिनीवर बसून शांतपणे विचार करत होते.

त्यांनी पेटीतून गोल दांड्यांचे क्लॅम्प काढले. चाकांजवळ रबरी पाइप असतात, ते या क्लॅम्पने हळूच दाबून बंद करता येतात. साध्या पकडीने दाबायचं नाही, पाइप आतून फाटतो. आधी मागच्या चाकांचे पाइप बंद केले. पेडल तसंच मऊ. मग मागचे सोडले आणि पुढचे दोन्ही बंद केले. मी पाय टाकला आणि पेडल एकदम टणक!

‘‘म्हणजे मास्टर सिलिंडर चांगला, मागचं सगळं चांगलं. भानगड पुढे आहे,’’ असं म्हणत त्यांनी क्लॅम्प काढले, टॉर्च घेतला आणि उजव्या चाकाच्या आत डोकं घातलं. मग डावीकडे गेले. मग हसायलाच लागले.

‘‘इकडे ये. निपल कुठे आहे?’’

मी वाकून बघितलं. ‘‘खाली.’’

‘‘आणि हवा कुठे जाते?’’

‘‘वर...’’ म्हणताना माझी ट्यूब पेटली.

गॅरेजमध्ये दोन्ही कॅलिपर एकदम काढून टेबलावर साफ केले होते. परत लावताना डावा उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे. आमच्या गाडीत ते दोन्हीकडे सहज बसतात, बोल्टही जुळतात. पण मग हवा काढायचं निपल, जे कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवं, ते खाली येतं. हवेचा बुडबुडा वर जाऊन बसतो आणि निपलमधून नुसतं स्वच्छ ऑइल येत राहतं. बादलीभर ऑइल ओतलं असतं तरी तो बुडबुडा हलला नसता. दोन दिवस काय, दोन वर्षं चालवली असती तरी ते ‘सेट’ झालं नसतं.

मी गॅरेजला फोन केला. आवाज चढवला नाही, फक्त म्हटलं, ‘‘कॅलिपर डावे-उजवे झालेत. गाडी मी चालवत आणणार नाही. तुम्ही इथे या.’’ काल मान डोलावणारी मी आणि आज हे बोलणारी मी, यात एका रात्रीचं आणि एका टॉर्चचं अंतर होतं.

दुपारी मालक स्वतः आले, सोबत तो पोरगा. मालकांनी चाकात दहा सेकंद बघितलं आणि एक शब्द न बोलता पाना हातात घेतला. कॅलिपर अदलाबदल झाले, तांब्याचे नवे वॉशर लागले, पाइपला पीळ पडला नाही ना ते बघितलं, पुन्हा ‘दाब, धर, सोड’ झालं. या वेळी नळीत बुडबुड्यांची माळच्या माळ आली. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पोरगा सतरा-अठराचा असेल. हात पुसताना हळूच म्हणाला, ‘‘निपल वर लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’’ मालकांनी खाली बघितलं. मला त्याचा राग आला नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. आणि या दोन गोष्टींच्या मध्ये आई-बाबांना घेऊन मी घाट उतरणार होते.

मग ‘सेट होतं’ ते काय?

गॅरेजवाला अगदीच खोटं बोलत नव्हता, बरं का. नव्या पॅडना डिस्कवर नीट बसायला थोडं अंतर जावं लागतं. त्या काळात गाडी किंचित उशिरा थांबते, पकड हळूहळू सुधारते. पण हा प्रश्न पकडीचा आहे, पेडलचा नाही. पेडल किती खाली जातं आणि किती मऊ लागतं, हे गाडी तुमच्या ताब्यात येतानाच ठीक असायला हवं. एकच अपवाद. पॅड बदलताना कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकललेला असतो. त्यामुळे पहिल्या काही वेळा पेडल सरळ खाली जातं. ते गॅरेजमधून गाडी हलवण्याआधी, उभ्या गाडीतच पंप मारून वर आणायचं असतं.

एबीएस असलेल्या गाड्यांसाठी आणखी एक मुद्दा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालंय, म्हणजे तुमच्या गाडीत बहुतेक असेलच. कामाच्या वेळी टाकी रिकामी झाली आणि हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली, तर नुसत्या पेडलने ती निघत नाही. बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडून आतला पंप चालवावा लागतो. ‘खूप ब्लीड केलं, तरी मऊच आहे’ असं ऐकलंत तर हा प्रश्न जरूर विचारा.

आणि पेडल सपाट रस्त्यावर कडक असलं, तरी घाटात मऊ पडू शकतं. कारण ऑइलमध्ये मुरलेलं पाणी. कोरं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण पाणी मुरलं की हाच किमान आकडा १४० आणि १५५ अंशांवर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत गेलात की ऑइल तापतं, उकळतं, वाफ होते. आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच! म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत ऑइल बदला, बहुतेक गाड्यांना ती साधारण दोन वर्षं असते. आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही.

गाडी ताब्यात घेताना

ब्रेकचं कुठलंही काम झालं की बिल भरायच्या आधी एवढं करा. लाजू नका.

- इंजिन चालू ठेवून स्वतः पेडल दाबा. कामाच्या आधीपेक्षा मऊ किंवा खाली लागत असेल तर तिथेच सांगा.
- ब्लीड केलं का, कुठल्या ऑइलने, बाटली सीलबंद होती का, विचारा.
- कॅलिपर काढले होते का? मग निपल वर आहे ना, ते स्वतः वाकून बघा.
- अर्धा मिनिट पेडल धरून ठेवा. बुडतंय का?
- आधी गॅरेजच्या आवारात, मग रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात चार-पाच वेळा थांबून बघा. मगच ट्रॅफिकमध्ये जा.
- तरीही शंका असेल तर गाडी चालवू नका. टो करून न्यायला जे पैसे पडतील ते पडू द्या.

ताम्हिणी

बुधवारी रात्री काकांनी चारही चाकांखाली जुनी वर्तमानपत्रं पसरायला लावली. ‘‘सकाळी कोरडी असली तर जा.’’

गुरुवारी पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन खाली गेले. चारही कागद कोरडे. गेटपाशी पेडल दाबलं. वरच्या वर, टणक. हुश्श!

मुळशी मागे पडलं, पाऊस भुरभुरत होता, दरीत ढग भरले होते. उतार सुरू झाला तशी गाडी तिसऱ्यावर आणि मग दुसऱ्यावर घेतली. एका वळणावर समोरून ट्रक आला. मी ब्रेक दाबला, गाडी जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली. मागे मखराचा एक खांब सरकला, बाकी काही नाही. आईला तर कळलंही नाही.

निजामपूरला चहाला थांबलो तेव्हा बाबा पोटरी चोळत होते.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही गं. अख्खा घाट ब्रेक दाबत होतो.’’

माझं पेडल दुरुस्त झालं. बाबांचं कधी होईल, ते मात्र काकांनाही सांगता येत नाही.